मोठ्या चाकांची जिप्सी आणि दोन मावश्या

"टायर घालायचे तर दांडगेच! खड्ड्यांना कळलं पाहिजे कोण येतंय ते!"

पेणचे विष्णु वकील गडबच्या टायरच्या दुकानात असं ठणकावून बोलले, तेव्हा साक्षीला फक्त काळुराम टायरवाला होता. त्यानं वकिलांच्या सेकंडहँड जिप्सीकडे पाहिलं, मग टायरांकडे पाहिलं, मग डोकं खाजवलं.

"सायेब, हे लय मोठे हायेत. गाडी आधीच उंच, ती आणखी चार बोटं वर जायल. वळताना चाक पण घासंल."

"घासू दे! काशीमावशीच्या कंबरेला धक्का बसता कामा नये!"

आता हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे, विष्णुला कोर्टाच्या आवारात ऐटीत उतरायचं होतं! पण मावशीचं कारण काही खोटं नव्हतं हो. काशीमावशी पेणची, कृष्णामावशी अष्टमीची. सख्ख्या बहिणी! एका लग्नात धाकट्या कृष्णेची ओटी आधी भरली गेली, नि तेवढ्यावरून नऊ वर्षं अबोला. विष्णुची आई मधली. देवाघरी जाताना तिनं लेकाचा हात धरून एवढंच मागितलं होतं, "त्या दोघींना बोलतं कर रे." वर्ष सरत आलं, तेव्हा कुठे कृष्णामावशीचा निरोप आला, "माझ्या उंबऱ्याशी आली तर सगळं विसरेन."

रविवारी जिप्सी काशीमावशीच्या दारात उभी राहिली. विष्णुच्या बायकोनं, वत्सलानं, टायर पाहून कपाळावर हात मारला.

"अहो, मावशींचे गुडघे! चढणार कशा त्या?"

"ओट्यावरून!" विष्णुनं गाडी उंच ओट्याला भिडवली, आणि धक्क्यावरून होडीत पाऊल टाकावं तशी मावशी अलगद आत! विष्णुनं बायकोकडे असं पाहिलं, जणू खटला जिंकला.

नागोठणं गेलं, निडी गेलं. खड्डे खरंच जाणवत नव्हते. मांडीवर पोह्याच्या पापडांचा डबा धरून मावशी कृष्णीच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा!

अष्टमीत कृष्णामावशी दारातच उभी होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरतुकडा, डोळे भरलेले. विष्णुनं गाडीचं दार उघडलं. काशीमावशीनं खाली पाहिलं, नि ती जागच्या जागी थिजली.

इथे ओटाच नव्हता! एक बुटकी पायरी, तीही दहा पावलं लांब. चढायचं ठरवलं होतं, उतरायचं कुणी बघितलं होतं?

"मावशी, मी हात देतो."

"खबरदार!" ती दात आवळून पुटपुटली. "माझे गुडघे गेलेत हे तिला कळता कामा नये. तुला तुझ्या आईची शपथ आहे!" आणि मग मोठ्यांदा, हसून, "कृष्णे, ये गो इकडे!"

कृष्णामावशीच्या कपाळाला आठी पडली. "मी येऊ? नऊ वर्षांनी आलीस, नि गाडीतून उतरवत पण नाय तुला?"

शेजारणी खिडक्यांत जमल्या. तेवढ्यात विष्णुला पलीकडच्या रेशन दुकानाचा उंच ओटा दिसला. तिथं गाडी लावली की काम फत्ते! त्यानं घाईघाईनं स्टिअरिंग फिरवलं. टायर घासला आणि असा किंचाळला, की अंगणातल्या कोंबड्या कौलांवर गेल्या!

"बघा, निघाली पण!" कृष्णामावशीनं तांब्यातलं पाणी अंगणात ओतलं नि दार धाडकन लावून घेतलं.

"चल घरी," काशीमावशी म्हणाली. गडब आलं, टायरचं दुकान दिसलं. मग पदरानं डोळे टिपत म्हणाली, "जुन्या चाकांवर कसाबसा पाय टेकायचा रे माझा."

विष्णुला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली, नि ती आपण चार बोटांच्या ऐटीपायी घालवली! दुसऱ्याच दिवशी त्यानं जुने टायर पुन्हा चढवून घेतले. पण आता मावशी हटून बसली. "मी जाऊन आले. आता तिनं यायचं!"

पुढच्या रविवारी बिचारा एकटाच अष्टमीला गेला. शपथेमुळे खरं सांगता येईना. तासभर गयावया केली, कोर्टात कधी केली नव्हती एवढी. शेवटी आईचं नाव काढलं, तेव्हा कृष्णामावशी विरघळली. चांगलं लुगडं नेसली, केसांत अबोलीचा वळेसर माळला.

"चल. मोठी आहे ती. मीच वाकते."

विष्णुनं धावत जाऊन जिप्सीचं दार उघडलं. मावशीनं एक पाय सहज आत टाकला, मग काढून घेतला. गाडीभोवती एक फेरी मारली.

"काय रे, त्या दिवशीची ती मोठाली चाकं कुठं गेली?"

विष्णुनं तोंड उघडलं. आईची शपथ आठवली. मिटलं.

"अस्सं! तिला मिरवायला हत्तीएवढी चाकं, नि मला न्यायला ही बारकी?"

आणि दार पुन्हा धाडकन लागलं!