चौदा दिवसांचं खोकं

जगन्नाथ सुभेदारांनी आमच्या गल्लीत सगळ्यात आधी क्वारंटाइन केलं ते वांग्यांना.

पहिला लॉकडाऊन लागून जेमतेम आठवडा झाला होता. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकींनी, हातगाडीवरून किलोभर वांगी घेतली, पण सुभेदारांनी ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाहीत. जिन्याखाली सतरंजी अंथरली, तिच्यावर वांगी ओळीनं मांडली, दोन वांग्यांत वीतभर अंतर ठेवलं आणि वर पाटी लावली: 'दाखल सोमवार, सुटका गुरुवार.' गुरुवारी सुटलेली वांगी भरतालासुद्धा उपयोगाची राहिली नव्हती. यांच्या हाताखाली जवान कसे जगले असतील देव जाणे, असं काकी म्हणाल्या आणि पिठलं टाकायला आत गेल्या.

साताऱ्यात माजी सैनिकांना तोटा नाही. आमच्या एका गल्लीत चार आहेत. पण बाकीचे तिघं सैन्यातून घरी आले, सुभेदारांनी सैन्यच घरी आणलं. मी त्यांचा भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी. एसटी डेपोत बुकिंगच्या खिडकीला असतो, म्हणून ते मला नावानं हाक मारत नाहीत, 'बुकिंग' म्हणतात. गाड्या बंद पडल्या आणि मी घरी बसलो, तेव्हा त्यांना आयता शिपाई मिळाला. गल्लीची दक्षता समिती त्यांनी स्वतःच स्थापली, स्वतःच अध्यक्ष झाले आणि मला न विचारता सचिव केलं. गल्लीच्या तोंडाला बांबू, गळ्यात शिट्टी, हातात ते कपाळाला लावायचं तापाचं पिस्तूल. कुणी हुज्जत घातली की एकच वाक्य, "नियम म्हंजे नियम. कोई शक?" शक असला तरी बोलायची कुणाची टाप नव्हती.

माणूस पक्षपाती नव्हता, हे मात्र मान्य केलं पाहिजे. काकींचा सख्खा भाऊ बबन. तो मूळचा विट्याचा, आणि विट्याच्या निम्म्या लोकांप्रमाणे त्याचंही परमुलखात सोनं गाळायचं दुकान, कोइमतूरला. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद झालं, तो तीन दिवस हालअपेष्टा काढत बहिणीच्या दारात पोचला, आणि दाजींनी त्याला खालूनच गच्चीवरच्या खोलीत पाठवलं. चौदा दिवस. जेवण बादलीतून दोरीनं वर. नवव्या दिवशी बबन कठड्यावरून ओरडला की, दाजी, मला ताप न्हाई, खोकला न्हाई, आता तरी खाली येऊ द्या. सुभेदारांनी खालून पाच बोटं दाखवली. अजून पाच. बबननं ते मनात ठेवलं, असं पुढं दिसून आलं.

तर असा हा कडक माणूस. पुढं वर्ष सरता सरता तो एका व्हिडिओ गेमच्या मशीनपायी वेडा झाला, हे मी सांगितलं तर तुम्ही मलाच तपासायला न्याल.

याला कारण त्यांचा मुलगा अभिजित, म्हणजे अभ्या. अभ्यानं सैन्यात जावं असं यांना वाटायचं, नाहीतर कोरेगावकडची उसाची जमीन तरी बघावी. पोरानं दोन्हीला नकार दिला. चौदाव्या वर्षी उसाच्या पाल्यानं हात कापून घेतले, ते पुन्हा रानात पाय ठेवला नाही. कॉम्प्युटर शिकला आणि गेला कॅनडात. त्यानंतर बापलेकाचं फोनवरचं बोलणं म्हणजे 'जेवलास का', 'व्हय', 'बरं, आईला देतो'. पुढं फोन काकींकडे.

मग कोरोनाच्या आधीच्या एका दिवाळीला अभ्या आला तो टीव्हीला जोडायचं एक मशीन घेऊन आला, आणि त्यावर खेळत काय बसला, तर शेती. खरंच. पडद्यावर ट्रॅक्टर, नांगर, पेरणी, कापणी. स्वतःचं रान चुलतभावाला वाट्यानं दिलेलं, आणि पोरगं इथं सोफ्यावर नांगरट करतंय. सुभेदार पेपर तोंडासमोर धरून तासभर बसले. मग त्यांना राहवेना. म्हणाले, "आरं, कोपरा राहिला."

अभ्यानं दुसरं बटणाचं यंत्र त्यांच्या हातात दिलं. काकी सांगतात, त्या दिवशी चहा तीनदा गार झाला.

अभ्या परत गेला, मशीन इथंच ठेवून. त्याच्याकडे तिथं दुसरं होतं. दर रविवारी दोघं इंटरनेटवरून एकाच रानात ट्रॅक्टर घालायचे. जेवलास का, हे कुणी विचारायचं नाही. सुभेदारांना त्या शेतीत शंभर चुका दिसत. बांधावरून भांडण नाही, लाइट दिवसा असते, ऊसतोडीच्या टोळीच्या मागं फिरावं लागत नाही, ही कसली शेती. पण रविवार कधी चुकला नाही.

कोरोना आला, त्याच वर्षाच्या शेवटी त्या कंपनीनं नवं मशीन बाजारात काढलं. अभ्याला तिकडं नशिबानं मिळालं. नव्या मशीनवर तो शेतीचा खेळही नवा आला, आणि जुन्या मशीनवरून त्यात शिरता येईना. सुभेदारांनी मला बांबूपाशी ते समजावून सांगितलं, सहा फुटांवरून. शेवटी म्हणाले, "रान तिकडं गेलं गड्या, आन् मी हिकडंच राहिलो." मी हसलो. आज सांगायची लाज वाटते, पण मी हसलो, आणि घरी येऊन बायकोलाही सांगितलं की म्हातारा खेळण्यासाठी रुसलाय.

मग सुरू झाली मोहीम. भारतात ते मशीन यायलाच उशीर. आलं तेव्हा ऑनलाइन बुकिंग दुपारी बाराला उघडायचं आणि सुभेदार चष्मा डोळ्यावर चढवेपर्यंत 'स्टॉक संपला' अशी पाटी यायची. मी जन्मभर दिवाळीतली पुण्याची गाडी सांभाळली आहे. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, पण धरतात तरी दिसतात. इथं गाडी फलाटाला लागायच्या आधीच भरलेली. सुभेदारांनी मिलिटरी कँटीनला रीतसर मागणीपत्र दिलं. त्यांनी कळवलं की साबण, चहा आणि प्रेशर कुकर उपलब्ध आहेत.

पोवई नाक्यावरच्या एका मोबाइलवाल्याकडे त्यांनी वहीत नंबर लावला. पहिला नंबर. दुकान अर्धं शटर ओढून चालायचं, तरी हे दर दोन दिवसांनी आपला नंबर पहिलाच आहे ना बघून यायचे. त्या वहीत दुसरं नावच नव्हतं. पुढं दुसऱ्या नंबरवर माझं नाव आलं, ते यांनीच घातलं होतं, रांग दिसावी म्हणून.

मोबाइलवाला जे सांगायचा ते संध्याकाळी गल्लीला कळायचं. लोक आपापल्या दारात उभे, मधे सुभेदार, हात मागं बांधून. परदेशात कारखाने थंडावलेत. चिप अडकलीय. जहाजं बंदराबाहेर थांबलीत, कंटेनर मिळत नाहीत. दोन घरं सोडून राहणारे निवृत्त तलाठी रोज गंभीरपणे ऐकायचे. पंधरा दिवसांनी त्यांनी मला विचारलं की, हे युद्ध नेमकं कुणाकुणात चाललंय.

शेवटी काकींनीच मार्ग काढला. म्हणाल्या, "बबनला सांगा की."

सुभेदारांनी दोन दिवस फोनला हात लावला नाही. गच्चीवरची खोली त्यांच्या डोळ्यांसमोर असणार. तिसऱ्या दिवशी फोन केला. आता विट्याच्या गलाईवाल्यांचं, म्हणजे या सोनं गाळणाऱ्यांचं, असं आहे की देशात गाव नाही जिथं त्यांचा माणूस नाही. बबननं त्यांच्या ग्रुपवर निरोप टाकला आणि कानपूरपासून कोचीपर्यंत माणसं कामाला लागली. फोटो यायला लागले. कुणी टीव्हीचा डबा पाठवला, कुणी जत्रेत मिळतो तसला बटणाचा खेळ, एकानं तर रक्तदाब मोजायचं यंत्र. सुभेदार प्रत्येक फोटो तपासून 'नामंजूर' लिहायचे. आणि दुसरी लाट ऐन भरात असताना बबनला ते खरं मशीन कोइमतुरातच, त्याच्याच गल्लीतल्या दुकानात सापडलं. गावाकडं येणाऱ्या एका ओळखीच्या ट्रकमधून विट्यापर्यंत आणि तिथून भाजीच्या गाडीनं साताऱ्याला, असं ते आलं.

खोक्यावर बबनच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली होती: 'दाजी, माल कोइमतूरचा आहे. चौदा दिवस. नियम म्हंजे नियम.'

सगळी गल्ली दारात उभी राहून बघत होती. सुभेदारांनी चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात घातली. मी म्हटलं, आवं सुभेदार, खोक्याला कसला ताप येतोय, घ्या आत. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मास्क वर केला. खोकं स्कूटरच्या शेडमध्ये गेलं. वर पाटी लागली, दाखल आणि सुटका. रोज सकाळी त्यावर फवारणी. रविवारी अभ्याचा फोन आला तेव्हा त्याला सांगण्यात आलं की मशीन पोचलंय, पण अजून आठ दिवस आत आहे. अभ्या खूप हसला म्हणे. हसता हसता त्याला खोकला आला.

नवव्या दिवशी सकाळी काकी माझ्या फाटकात आल्या. तोंडाला पदरसुद्धा नव्हता. अभ्याला कोरोना झालेला होता, सहा दिवस. त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सोबतचे दोघं दुसरीकडे राहायला गेले, हा एका खोलीत एकटा. डॉक्टर म्हणाले, श्वास अडायला लागला तरच या. आज फोन केला तो आवाज नीट फुटत नव्हता म्हणून आईनं खोदून विचारलं, तेव्हा बोलला. "ह्यांनी ऐकलं, फोन ठेवला आन् भाईर गेले. तुमी जरा बघा हो," काकी म्हणाल्या.

सुभेदार शेडमध्ये खोक्यासमोर उभे होते. हातात भाजी चिरायची सुरी.

"बुकिंग, तू सचिव हायस. लिहून ठेव. आज म्या नियम मोडला," ते म्हणाले आणि त्यांनी खोक्याची पट्टी कापली.

वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं. वायरी मी जोडल्या. ते मशीन तरी काय, चालू झाल्या झाल्या म्हणालं की आधी मला नेटवरून काहीतरी उतरवून घ्यायचं आहे. पडद्यावर आकडा आला, चार टक्के. सुभेदार खुर्चीत ताठ बसून त्या आकड्याकडे बघत राहिले. मी आयुष्यात इतका हळू चढणारा आकडा पाहिला नाही. काकी देवापाशी जाऊन येत आणि विचारत, किती झाले. खेळ अभ्यानं तिकडून आधीच यांच्या नावावर घेऊन ठेवला होता, तोही उतरवायचा होता. दुपारी दोन वाजले. तिकडं मध्यरात्र उलटून गेलेली, पण अभ्याला तापानं झोप नव्हतीच. मग पडद्यावर काळं रान दिसलं आणि त्यात एक निळा ट्रॅक्टर उभा होता.

"आलो रं," सुभेदार म्हणाले. मी उठून घरी आलो. तिथं माझं काम नव्हतं.

संध्याकाळी पाहिलं तर रिकामं खोकं परत शेडमध्ये, पाटीसकट. मी विचारलं, तर म्हणाले की त्याचे अजून पाच दिवस राहिलेत आणि बबनला काय तोंड दाखवू. त्या तसल्या दिवशीही मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जरा बरं वाटलं.

दोन दिवसांनी आमच्या घरचा डबा द्यायला म्हणून सकाळी दहाच्या सुमाराला गेलो. सुभेदार त्याच खुर्चीत, दाढी वाढलेली. त्यांची दाढी मी तोवर कधीच पाहिली नव्हती. पडद्यावर निळा ट्रॅक्टर बांधाला लावलेला, आणि यांचा लाल ट्रॅक्टर आधीच नांगरलेल्या रानावरून पुन्हा नांगराचं तास घेत होता, अगदी सावकाश. ट्रॅक्टरचा आवाज मात्र येत नव्हता. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी बोट ओठावर ठेवलं.

"झोपलाय त्यो," ते हळूच म्हणाले. शिट्टीशिवाय न बोलणारा माणूस. "त्याच्याकडचा माइक चालूच ठेवाय सांगितलंय. ट्रॅक्टरचा आवाज बंद केलाय म्या. ऐक."

मी कान दिला. टीव्हीतून श्वास ऐकू येत होता. आत, बाहेर. मधेच घरघर, मग पुन्हा आत, बाहेर. सुभेदारांच्या मांडीवर दक्षता समितीची वही होती. आमच्या कपाळांचे आकडे लिहायची वही. तिच्यात आता अर्ध्या अर्ध्या तासाला एक ओळ होती: वेळ, मिनिटाला श्वास किती. दोन रात्री आणि दोन दिवस एकही ओळ चुकली नव्हती. मध्ये काही पानांवर अक्षर काकींचं होतं.

म्हाताऱ्याला खेळणं पाहिजे होतं, असं मी गल्लीभर सांगत फिरलो होतो. मी तिथंच जमिनीवर बसलो.

किती वेळ बसलो कळलं नाही. लाल ट्रॅक्टर जात होता, वळत होता. मग टीव्हीतला श्वास जरा अडखळला. सुभेदारांचा हात थांबला. काकी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आणि टीव्हीतून घोगरा आवाज आला, झोपेतून उठलेला, पण मोकळा.

"आबा, कोपरा राहिलाय."

सुभेदारांना कुणी चूक दाखवलेली मी कधी ऐकली नव्हती. त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला आणि परत घातला.

"व्हय," ते म्हणाले. "त्यो तुझ्यासाठी ठेवलाय."

बांधावरचा निळा ट्रॅक्टर हलला.