इंदूच्या शिगा

इंदूने वहीचं पान उघडून आमच्यासमोर धरलं आणि म्हणाली, "शाळेच्या मेळ्यात मी हे विकणार."

पानावर रंगीत खडूने काढलेली एक काळी शीग होती. तिच्यात लाल, पांढरे, हिरवे, नारिंगी आणि चक्क निळे तुकडे ओवलेले, खाली जाळ. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाताना नागपुरात एका भिंतीवर तिने हे पाहिलं होतं, दोन माणसं उंच. पेंटर अजून शिडीवरच होता, म्हणून विचारूनही घेतलं. तो म्हणाला, "शिगेवर भाजलेलं खाणं आहे, पोरी. खाल्लं तं मी बी नाई अजून."

"अन् हे निळं काय आहे वं?" आमच्या वर्गातल्या हेमंतने विचारलं.

"वांगं."

"वांगं निळं असते?"

"त्याच्याजवळ तोच रंग उरला असन."

आम्ही चाट पडलो. वांग्यामुळे नाही, इंदू उलटून बोलली म्हणून! सातवीपर्यंत तिची हजेरीसुद्धा शेजारची मुलगी द्यायची. हेमंतने तिचं नावच 'मुकी' पाडलं होतं. दिवाळीनंतर कुठे ती बोलायला लागली होती.

"खपलं नाई तं सालभर पुन्हा मुकी म्हणीन," हेमंत म्हणाला.

"म्हण," इंदू म्हणाली. तिने वही मिटून दप्तरात टाकली.

तो शहाऐंशीचा हिवाळा होता आणि मोहगावच्या शाळेतलं आमचं शेवटचं वर्ष. आता आम्ही सौसरच्या शाळेत येतो, इथलं मैदान मोठं आहे, पण त्या मेळ्याची मजा इथे नाही.

शिगांसाठी इंदूने पऱ्हाट्या निवडल्या. कपाशी निघाली की पऱ्हाट्यांचा, म्हणजे तिच्या वाळलेल्या काड्यांचा, ढीग सगळ्यांच्याच अंगणात असतो. सरळ, मजबूत, हव्या तितक्या. तिने चाळीस पऱ्हाट्या सोलून गुळगुळीत केल्या. मेळ्याच्या दिवशी विटा मांडून निखारे केले आणि पहिल्या पाच शिगा ऐटीत वर ठेवल्या.

पऱ्हाट्या रोज चुलीत जे करतात तेच त्यांनी इथेही केलं. भुर्रकन पेटल्या. टमाटे, कांदे, वांगी धडाधड निखाऱ्यात.

"मुकीचा होम पाहा रे!" हेमंत ओरडला.

तेवढ्यात इंदूचे कवडूमामा आले. त्यांचं सायकलचं दुकान, आणि त्या दिवशी ते हेडमास्तर मनोहर सरांची सायकल दुरुस्त करायला शाळेत आले होते.

"काय करून राहिली वं भाची? जे चुलीत घालतेत तेच तू चुलीवर ठेवून राहिली?"

"मामा, मंग कायच्या तरी शिगा आणून द्या ना!"

"पायतो," म्हणून मामा गेले.

थोड्या वेळाने इंदू तारांची जुडी घेऊन धावत आली. मामांच्या हत्यारांच्या पोत्यावर तिला या चाळीस नव्याकोऱ्या, चकचकीत तारा ठेवलेल्या दिसल्या होत्या. मामा चहाला गेलेले. "पाहा, आणल्या मामानं!"

तारा धुतल्या, तुकडे ओवले. शेवटी संत्र्याची जाड फोड, सालीसकट, तिखट-मीठ चोळून. तिचा रस निखाऱ्यावर टपकला की चर्र व्हायचं आणि सगळ्या मैदानावर वास. दुपारचा डबा उघडताना अजूनही तो वास मधेच आठवतो. अर्ध्या तासात चाळीसही शिगा खपल्या. हेमंतने दोन खाल्ल्या आणि तारेची तलवार करून फिरू लागला.

मग मामा परत आले आणि डोकं धरून खाली बसले.

"माहे स्पोक! सरच्या मागच्या चाकाचे स्पोक कोणं नेले?"

कडुलिंबामागे सरांची सायकल उलटी पडली होती, मागचं चाक नुसतं कडं. चार वाजता सरांना सासुरवाडीला, रामाकोन्याला जायचं होतं. आणि स्पोक शाळाभर पसरलेले, चाटून साफ!

सर आले. "कोणी केलं हे?"

हेमंत इंदूकडे पाहून हळूच हसला. इंदूचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, संपलं, आता ही पुन्हा मुकी. पण ती तरातरा मेळ्याच्या मंचावर चढली आणि तिथला माइक हातात घेतला.

"मी केलं, सर. माहीच चूक आहे." मग आवाज चढवून, "ऐका हो! जो एक स्पोक आणून देईन, त्याले संत्र्याची भाजलेली फोड फुकट!"

काय पळापळ झाली! मामा पोत्यावर मोजू लागले. वीस. तीस. अडतीस. चाळीस! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इंदू माइकवरून ओरडतच होती, "अजून या, अजून या!"

एकेचाळीस. बेचाळीस.

"हे कुठून येऊन राहिले बाप्पा?" मामा म्हणाले. पन्नासाव्याला त्यांनी मोजणं सोडलं. मग पोत्यावरची आपली पक्कड गायब असल्याचं त्यांच्या लक्षात आलं, आणि सगळे सायकल स्टँडकडे धावले. तिथे हेमंत आणि सहावीचा वर्ग गणिताच्या सरांच्या चाकाभोवती बसला होता, आणि गुरुजींच्या सहाही सायकली कंबर मोडल्यासारख्या वाकड्या उभ्या होत्या.

"इंदू," मनोहर सर शांतपणे म्हणाले, "आधी तो माइक बंद कर."

संध्याकाळी सगळे गुरुजी पायी घरी गेले, रांगेने. सर रामाकोन्याला गेलेच नाहीत. त्याचं त्यांना फारसं दुःख झालेलं दिसलं नाही.

सोमवारी प्रार्थनेनंतर त्यांनी इंदूला पुढे बोलावलं. सरांनी तिच्या हातात कागद दिला आणि माइक तिच्यासमोर सरकवला. "आजपासून रोजच्या सूचना तू वाचायच्या. तुझं ऐकतात सगळे."

इंदूने घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात पहिली सूचना वाचली, "सायकल स्टँडला कुलूप लावण्यात आले आहे."