येताना उशी आणा

मान अवघडली म्हणून बेलापूरचा बन्सी टेलर श्रीरामपूरला फिजिओथेरपीच्या रश्मी मॅडमकडे गेला, तर बाईंनी मानेपेक्षा झोपेचीच चौकशी जास्त केली. किती तास झोपता, कोणत्या कुशीवर, मधे जाग येते का. शेवटी म्हणाल्या, "उद्या येताना तुमची उशी घेऊन या." लगेच पुढच्या पेशंटला हाक गेली आणि कशाला ते विचारायचं बन्सीला धाडस झालं नाही.

गावात माणूस उशी घेऊन दवाखान्यात निघाला, की त्याचा एकच अर्थ असतो. बायकोने, भागिरथीने, ऐकताच कपाळावर हात मारला. "अवो, ॲडमिट करून घेत्यात! नुसती मान असती तर मलम दिलं असतं की."

सकाळी उशीबरोबर चादर, तांब्या, थर्मास, सगळं पिशवीत भरलं गेलं. पिशवी बघून गल्लीतले आबासाहेब धीर द्यायला आले. "भिऊ नको. माझ्या साडूलाबी असंच झोपेचं इचारलं हुतं."

"मग? बरे झाले का ते?"

आबासाहेबांनी टोपी नीट केली आणि उसाचा विषय काढला. 

शेजारच्या गनीभाईने टेम्पो काढला. उशी मांडीवर घेऊन बन्सी त्याच्या आणि भागिरथीच्या मधे बसला. फाट्यापर्यंत तो कसाबसा गप्प राहिला.

"भागे, मानेचं आपरेशन म्हंजी मान कापत्यात का गं?"

"मला काय ठावं!"

बन्सीने उशी छातीशी धरली. "कापनारच. माझं पाप हाय ते. तुझा तुरेवाला कोंबडा ह्या गनीभाईच्या सरवरीभाभीनं न्हाई नेला. मीच कापला, भिशीच्या पार्टीला. आता माझी पाळी."

गनीभाईने करकचून ब्रेक मारला. "बन्सी! सहा वर्सं भागिरथीभाभी माझ्या बायकोशी बोलत न्हाई, आन तू गंमत बघत बसला?"

भागिरथी काहीच बोलली नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि ती अशी गप्प बसलेली बन्सीने कधी पाहिली नव्हती. आपरेशनची भीती एकदम निम्म्यावर आली.

रश्मी मॅडमनी उशी दाबून पाहिली. "यात काय भरलंय? विटा?"

"चिंध्या हायेत, दुकानातल्या. टाकून कशाला द्यायच्या म्हनून दर दिवाळीला वाढवत गेलो."

"हिच्यामुळेच मान धरलीय तुमची. निम्म्या चिंध्या काढून टाका. झोप नीट झाली नाही तर माझ्या व्यायामाचा काही उपयोग नाही. रोज सात-आठ तास निवांत झोपायचं, डोक्याला कसला ताप नको. दोन व्यायाम दाखवते, ते करा आणि जा घरी."

"घरी?"

"मग कुठे?"

बन्सीने दाराकडे पाहिलं. बाकावर भागिरथी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. कोंबड्याचं ऐकल्यापासून पहिल्यांदाच तिने तोंड उघडलं.

"ऐकलं ना? चला घरी. निवांत झोपा."

बन्सीने मॅडमपुढे दोन्ही हात जोडले. "मॅडम, एखादी कॉट रिकामी असली तर बघा की. चादर, तांब्या, समदं आनलंय."