मांजरही नसावं, असं मला वाटतं

गॅसची टाकी आणणाऱ्या माणसानं एकदा आमच्या शेजारच्या कदम सरांनाच त्यांच्या दारात विचारलं, "कदम सर हितंच ऱ्हातेत का?" सर जरा विचारात पडले नि म्हणाले, "राहत असावेत, असं मला वाटतं." तो बिचारा टाकी घेऊन पुढच्या गल्लीत गेला.

सर गंगाखेडच्या शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेले, बायको वारल्यापासून घरात एकटेच. 'आय थिंक' नाहीतर 'इट सीम्स टु मी' लावल्याशिवाय वाक्य तोंडाबाहेर काढायचं नाही, हे त्यांनी पोरांकडून जन्मभर घोकून घेतलं. "इंग्रज माणूस 'चहा गोड आहे' असं म्हणत नाही," सर सांगतात. "'मला गोड वाटतोय' म्हणतो. चहाचं खरं काय ते चहालाच माहीत. आपलं मत दुसऱ्याच्या घरात पाठवायचं, तर आधी त्याला चपला काढायला लावाव्यात."

ते ठीक आहे हो, पण मी पडले जात्याच भित्री. नवरा पूर्णेला रेल्वेत, सुट्टी मिळाली की येणार. घरात मी नि सासू. मला पालीची भीती, विजेची भीती, दारावर कुणी अनोळखी आलं तर त्याची भीती. "काही होत न्हाई" असं ठणकावून सांगणारं माणूस मला जवळ लागतं, आणि देवानं शेजार दिला तो हा!

एकदा तिन्हीसांजेला माळ्यावर खडखडलं. मी भिंतीवरून हाक मारली, "सर, चोर असंल का हो?"

सर अंगणात येऊन कान देऊन उभे राहिले. "चोर नसावा, असं वाटतं." मी सुस्कारा टाकणार तोच म्हणाले, "पण मांजरही नसावं, असं मला वाटतं."

चोर न्हाई, मांजर न्हाई, मग हाय तरी काय तिथं? त्या दिवशी मी सासूला चुलीजवळ बसवून घेतलं, तेव्हा कुठं भाकरी थापल्या.

बसस्टँडवर तर गाडीत चढून बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "गाडी पाथरीलाच जायलीय न्हवं?" सर म्हणाले, "पाटीवर तसं लिहिलेलं दिसतंय. पुढचं ड्रायव्हरच्या मनावर." म्हातारा घाबरून खाली उतरला नि गाडी गेली. मी सोबत होते. मला त्या म्हाताऱ्याची लय दया आली, कारण मीही उतरलेच असते.

मग उन्हाळ्यात ते झालं. परसात कापसाच्या पऱ्हाट्या रचलेल्या होत्या. पाणी तापवायला चार काढाव्यात म्हणून मी हात घातला नि बोटाला सणकन लागलं. ढिगात आत सरकणारं शेपूट तेवढं दिसलं. मी अशी किंचाळले की सगळी गल्ली गोळा झाली.

आमच्याकडं साप चावला की आधी कडुलिंबाचा पाला चावायला देतात. गोड लागला तर विष चढलं, कडू लागला तर भ्यायचं कारण नाही. सासूनं मूठभर पाला तोंडात कोंबला. कडूजहर लागला! बायका म्हणाल्या, "कडू लागायलाय, म्हंजी बिनविषारी." सासूनं देवापुढं उदबत्ती लावली नि म्हणाली, "पडून ऱ्हा, काही होत न्हाई."

जन्मभर जे ऐकायला कान आसुसले होते ते शेवटी मिळालं होतं. मी पडून राहिले. बोट मात्र सुजायला लागलं होतं. मी ते पदराखाली लपवलं.

तेवढ्यात सर आले. सासू म्हणाली, "सर, सांगा बरं हिला, बिनविषारीच हाय म्हणून." मी डोळे मिटून घेतले. आता हे काय बोलणार, मला ठाऊक होतं.

"रिक्षा बोलवा," सर म्हणाले.

"अहो, पण कडू लागायलाय की!"

"पाल्याला काय कळतंय? साप कोणता ते बघितलं का कुणी? न्हाई ना? मग घरी बसायचं न्हाई. ऊठ छाया!"

सरांच्या तोंडून असं ठणकावून 'न्हाई' मी पहिल्यांदाच ऐकलं.

रिक्षात माझ्या पापण्या जड व्हायला लागल्या. एका बाजूला सासू देवाचं नाव घेत होती, दुसऱ्या बाजूला सर. मी विचारलं, "सर, मी वाचंन का हो?" आणि विचारल्यावर वाटलं, अरे देवा, विचारून विचारून कुणाला विचारलं मी!

"वाचणार."

"खरंच?"

"वाचणार म्हणलं ना! डोळे उघडे ठेव."

पुढं 'असं वाटतं' आलंच नाही. दवाखाना येईपर्यंत मी तो एक शब्द गच्च धरून बसले होते.

साप विषारीच होता. वेळेत आणलं म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले.

बरी झाल्यावर मी धपाटे घेऊन सरांकडं गेले. सर एकटेच चहा पीत बसले होते. मी विचारलं, "सर, मी वाचणार हे तुमाला कसं ठाऊक होतं?"

"ठाऊक नव्हतं," सर म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. "त्याच रस्त्यानं आमच्या हिला, सरोजला, नेलं होतं. तिनंही 'मी वाचंन का' असंच विचारलं. मी म्हणालो, 'आय होप सो.' तिला इंग्रजी येत नव्हतं. म्हणाली, म्हंजी काय? तर मी तिला अर्थ समजावून सांगत बसलो. दवाखाना येईपर्यंत."

धपाट्यांचा डबा तिथंच ठेवून मी घरी आले.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला माळ्यावर पुन्हा खडखडलं. मी भिंतीवरून हाक मारली, "सर, चोर असंल का हो?"

सर अंगणात आलेच नाहीत. आतूनच आवाज आला, "मांजर आहे. तू कर स्वयंपाक."

त्यांनी बघितलंही नव्हतं. मी दाराला कडी घातली नि पीठ मळायला घेतलं.