सोहोनींचा स्विच आणि रविवारची ओळख

"सर्व सभासदांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, येत्या शनिवारपासून ए विंग व बी विंग यांच्यात अधिकृत संबंध प्रस्थापित होत आहेत. कोणीही घाबरून जाऊ नये."

ही सूचना आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लागली आणि दुपारपर्यंत कुणीतरी तिच्याखाली पेन्सिलीने लिहिलं, "मुलीकडचे कोण?"

सूचनेवर सही होती सोहोनींची. सोहोनी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, बी विंगच्या पहिल्या मजल्यावर एकटे राहणारे. वहिनी गेल्यापासून घर फार शांत झालं होतं. बाणेरला एक सॉफ्टवेअर कंपनी बुडाली, तिच्या सामानाचा लिलाव झाला. शहाण्या लोकांनी फिरत्या खुर्च्या घेतल्या, सोहोनींनी स्विच घेतला. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. चोवीस भोकांची, अखंड घरघरणारी एक लोखंडी पेटी. एका भोकातून बाहेरचं इंटरनेट आत यायचं आणि बाकीच्या भोकांतून वायरी निघून आमच्या घराघरांत जायच्या. तेव्हा ब्रॉडबँड नवं होतं, महाग होतं, आणि एक कनेक्शन सगळ्यांनी वाटून घेण्यात आम्हाला सात्त्विक आनंद होता. तो पहिल्या आठवड्यात संपला. त्यानंतर आमच्या इमारतीत इंटरनेट आहे, असं बाहेर सांगायला धाडस लागायचं.

सोहोनी भोकाला भोक म्हणत नसत. दार म्हणत. प्रत्येक बिऱ्हाडाला एक दार, आणि माणूस त्या दाराच्या नंबरावरून ओळखला जायचा. मी नऊ. जिन्यात भेटले की, "काय नऊ नंबर, आज वेग कसा आहे?" माझ्या मेव्हण्याच्या लग्नात त्यांनी माझ्या सासऱ्यांना माझी ओळख करून दिली, "हे आमचे नऊ. अतिशय शांत दार." मुलगी देऊन चौदा वर्षं झालेल्या माणसाने माझ्याकडे पहिल्यांदाच जरा आदराने पाहिलं.

स्विच बनवणारी कंपनी अधूनमधून त्याच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती काढायची. बाकी जगाला हे कळायचंही नाही. सोहोनींकडे मात्र बारसं असायचं. नवी आवृत्ती म्हणजे नवे गुण, आणि नवे गुण म्हणजे फळ्यावर नवी सूचना. दोन विंगांच्या संबंधांची सूचना त्यातलीच. तोवर ए विंगचं जाळं वेगळं, बीचं वेगळं. नव्या आवृत्तीत स्विचला एका जाळ्यातून दुसऱ्यात वाट काढून देता येऊ लागली. टाकीच्या पाण्यावरून या दोन विंगांचं कित्येक वर्षं वाकडं होतं. जे चेअरमनना जमलं नाही ते पेटीने केलं. पहिल्याच दिवशी बी विंगमधून कुणीतरी सत्यनारायणाचं आमंत्रण छापायला पाठवलं, ते ए विंगमधल्या एका कर सल्लागाराच्या प्रिंटरमधून, त्याच्याच कागदावर, चाळीस प्रतींत निघालं. आमंत्रण त्याला नव्हतं. संबंध पूर्ववत झाले.

मग सबनीसबाईंचं प्रकरण. ए विंगमधल्या सबनीसबाई म्हणजे सतरा नंबर. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, शिस्तीच्या. त्यांच्या भिंतीवर वायर खोचायच्या दोन खाचा होत्या, दुसरी स्विचच्या एका रिकाम्या दाराची, आणि एका खाचेतून निघालेली वायर कॉम्प्युटर दुरुस्तीला गेल्यामुळे नुसतीच जमिनीवर पडलेली. बाईंना लोंबकळणारी वस्तू खपत नाही. त्यांनी वायरचं मोकळं टोक उचललं आणि दुसऱ्या खाचेत नीट खोचून टाकलं. दिसायला सुरेख. अख्ख्या इमारतीचं इंटरनेट मेलं.

"निरोप एका दारातून निघतो, दुसऱ्या दारातून परत येतो," सोहोनी आम्हाला समजावत होते. "स्विचला वाटतं नवाच आला. तो पुन्हा सगळीकडे पाठवतो. तो पुन्हा परत. दर फेरीला वाढतात. थांबायला जागाच नाही."

"मासिक सभेसारखं," चेअरमन म्हणाले.

पुढच्या आवृत्तीत याच्यावरही इलाज आला. असा वेढा कुठे पडला की स्विचला आपोआप कळायचं आणि तो तेवढंच दार बंद करायचा. सोहोनींनी तो गुण चालू केला आणि प्रात्यक्षिक म्हणून सबनीसबाईंनाच पुन्हा तसं करायला लावलं. इमारत चालू राहिली, सतरा नंबर बंद पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"म्हणजे व्यवस्थित राहणाऱ्याला शिक्षा," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून त्यांचं आणि सोहोनींचं रीतसर भांडण सुरू झालं.

खरी आपत्ती आली ती सुरक्षेची. नव्या आवृत्तीत दारावर पहारा बसवता येत होता. कुठल्या दाराशी कुठला कॉम्प्युटर हे स्विच लक्षात ठेवणार, अनोळखी यंत्र लावलं तर दार बंद. इथवर ठीक. पण सोहोनींनी फळ्यावर लिहिलं की सुरक्षेच्या नियमानुसार सर्व दारं दर शनिवारी रात्री आपोआप बंद होतील आणि रविवारी सकाळी प्रत्येक बिऱ्हाडातील एका जबाबदार व्यक्तीने समक्ष येऊन ओळख पटवल्यावर उघडतील.

"समक्ष कशाला? फोनवर पटवा," मी म्हणालो.

"नऊ नंबर, यंत्राची ओळख यंत्र पटवेल. माणसाची कोण पटवणार?"

मग काय, दर रविवारी सोहोनींच्या दाराबाहेर चपलांचा ढीग. आत जायचं, खुर्चीवर बसायचं, सोहोनी चष्म्यावरून आपल्याकडे निरखून बघणार, पडद्याकडे बघणार, एक कळ दाबणार आणि म्हणणार, "पटली." पण कळ दाबायच्या आधी चहा. चहाच्या आधी पोहे. पोहे स्वतः केलेले, आणि वाईट. सबनीसबाई पहिल्या यायच्या आणि शेवटी जायच्या. पोह्यांत लिंबू नाही, चहात आलं जास्त, पडद्यावरची अक्षरं बारीक, पहारा मूर्खपणाचा. सोहोनी प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायचे. अकरापर्यंत हे चालायचं. अकरा वाजता कुणाला तरी आठवायचं की आपलं दार उघडायचं राहिलंच आहे.

लोक वैतागले होते. मी सोसायटीचा सेक्रेटरी, त्यामुळे वैताग माझ्याकडे नोंदवला जायचा. एका रविवारी तिथून परतताना वानखडे माझ्याबरोबर जिना उतरला. वानखडे अमरावतीकडचा, भाड्याने राहणारा, हिंजवडीत नेमकं हेच नेटवर्कचं काम करणारा.

"काकाजी, एक सांगू? कोणाला बोलू नका."

"बोला."

"सोहोनी साहेब चहा आणायला आत गेले ना, तेव्हा मी पडदा पाहिला. त्या पहाऱ्यात असं काहीच नसते. एकदा ओळख ठेवली की कायमची. दर शनिवारी दारं बंद करायचं साहेबांनी हाताने टाकलं आहे."

मी जिन्यातच थांबलो. वरून सबनीसबाईंचा आवाज येत होता. पोह्यांत आज लिंबू होतं, आणि ते जास्त झालं होतं.

"काढून टाकायला किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"एक ओळ आहे." वानखडे चपलेकडे बघत म्हणाला. "पण मी नाही काढणार, काकाजी. माझे बाबा पण तिकडे एकटेच राहतात."

दोघांनीही हा विषय तिथेच सोडला.

त्यानंतर काही दिवसांनी एक कंपनी सोसायटीच्या दाराशी आली. प्रत्येक घराला स्वतंत्र लाइन, वेग कितीतरी पट, ओळख पटवायची भानगड नाही. चेअरमननी खास सभा बोलावली. सोहोनी इस्त्रीचा शर्ट घालून, हातात स्विचच्या येऊ घातलेल्या आवृत्तीची माहिती छापून घेऊन आले. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसासारखे उभे राहिले आणि वाचू लागले. एक वाट तुटली तर क्षणात दुसरी सापडणार. दोन वायरी जोडून एक रुंद वाट करता येणार. कोण कुणाचं सोंग घेऊन आत येतंय ते ओळखता येणार.

"सोहोनी, पण त्या लाइनमध्ये हे सगळं आपोआपच असतं," कुणीतरी म्हणालं.

"असेल," सोहोनी म्हणाले, आणि पुढचं पान शोधू लागले. ते सापडेना.

"मुद्द्याचं बोलू," चेअरमन म्हणाले. "ही रविवारची कटकट. ती लागते का मुळात? वानखडे, तुम्ही यातले जाणकार. सांगा, लागते का?"

सोहोनींनी कागद खाली केले. त्यांनी वानखडेकडे पाहिलं. चष्म्यावरून नव्हे, सरळ. त्याला ठाऊक आहे, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं, कारण त्यांचा हात मागे खुर्चीची पाठ शोधत गेला.

"लागते," वानखडे म्हणाला. "फार महत्त्वाचं असते ते. आमच्या कंपनीत पण करतात."

सोहोनी खाली बसले.

वानखडेच्या त्या एका खोट्याने जग बदललं असतं तर मी ही गोष्ट वेगळ्या चेहऱ्याने सांगितली असती. उलटंच झालं. "लागतेच म्हणतात, म्हणजे हा स्विच असेपर्यंत सुटका नाही," चेअरमन म्हणाले, आणि ठराव मताला टाकला. हात वर गेले. ए विंगचे गेले, बी विंगचे गेले. पाण्याच्या टाकीपासून त्या दिवसापर्यंत दोन्ही विंगांचं एकमत झालेलं मी प्रथमच इतिवृत्तात लिहीत होतो. विरोधात फक्त सोहोनी. वानखडे भाडेकरू, त्याला मतच नव्हतं. सबनीसबाई हात मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या होत्या.

"कधीपासून बंद करू?" सोहोनींनी विचारलं.

"कंपनीची माणसं शनिवारी येतायत. तेव्हा या रविवारपासूनच."

"चालेल." त्यांनी कागदांची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली. "मग शनिवारी दारं बंद करत नाही. सगळी उघडी ठेवतो आणि मुख्य बटण बंद करतो. कुणाला वर यायला नको."

चेअरमननी आभार मानण्यासाठी घसा खाकरला. आणि ज्या बाईंनी गेलं वर्षभर या रविवारविरुद्ध मला तक्रारीमागून तक्रारी दिल्या होत्या, त्या सबनीसबाई शाळेत मागच्या बाकापर्यंत पोहोचायचा त्या आवाजात म्हणाल्या,

"अहो, पण मग रविवारी सकाळी मी भांडायचं कुणाशी?"