खवलोबाने प्रोसेसर कसा निवडला

एका जंगलात, बाळांनो, एक खवले मांजर राहत होतं. नाव त्याचं खवलोबा. पाठीवर हे एवढाले खवले, तोंडात हातभर जीभ आणि जमिनीखाली दोन खणांचं ऐसपैस बीळ. बाहेरचा खण बसाउठायला. आतला खण चांगला खोल आणि गार. वरून हत्ती गेला तरी आत पत्ता लागायचा नाही.

संकट आलं की खवले मांजर अंग गुंडाळून चेंडू होतं, हे तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. आपला खवलोबा निर्णय घ्यायची वेळ आली तरी चेंडू व्हायचा. बायको विचारायची, "अहो, आज काळ्या मुंग्या करू की लाल?" की झालाच चेंडू. मग बिचारी वारुळाबाई दोन्ही करायची.

हसू नका. मी माझी गोष्ट सांगत नाहीये. माझ्या पाठीवर खवले कुठे आहेत?

तर त्या जंगलात घरोघरी कॉम्प्युटर होते. तिथे वीज कुठून आली, असं विचारू नका. गोष्टीतली वीज जात नाही, हेच केवढं आहे.

पानगळ झाली. पानगळीनंतर दरवर्षी तिथे वणवा लागायचा. कधी पूर्वेच्या कारवीच्या झुडपांतून यायचा, कधी पश्चिमेच्या गवतातून. म्हणून सरपंच गव्याने सभा बोलावली.

"यंदा वणवा कुठून येणार, कोण सांगेल?" गव्याने विचारलं.

जो तो जमिनीकडे बघू लागला. आणि खवलोबाला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे. तो म्हणाला, "हात्तिच्या! वारा किती, उतार किती, गवत किती वाळलंय, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये घालायचं. गणितानं उत्तर बाहेर!"

टाळ्या पडल्या. खवलोबाचा एकेक खवला फुलला.

सभा संपली तशी भेकरीण जवळ आली. ती त्याची शेजारीण. चारच दिवसांपूर्वी तिला पाडस झालं होतं. इवलंसं, ठिपक्याठिपक्यांचं. दोन पावलं टाकायचं आणि बदकन बसायचं.

"भावोजी," ती म्हणाली, "माझं लेकरू अजून पळत नाही हो. याला पूर्वेला ठेवू की पश्चिमेला? तेवढं सांगा. मी एकटी कुठेही पळेन, पण याचं काय करू?"

"आठ दिवसांत सांगतो, वहिनी," खवलोबा म्हणाला. "तेही टक्केवारीसकट."

आता, खवलोबाकडे एक कॉम्प्युटर होता. जुना होता, पंखा घरघरायचा, पण चालायचा. त्यावर हे गणित तीन दिवसांत झालं असतं.

"अहो, हाच लावा ना कामाला," वारुळाबाई म्हणाली.

"यावर? वणव्याचं गणित? काहीतरीच काय!" खवलोबा म्हणाला. "आधी नवा प्रोसेसर घ्यायला हवा."

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, बरं का. त्यात कोर असतात. कोर म्हणजे काम करणारे हात समजा. बाजारात दोन प्रोसेसर होते. एक चित्ता छाप, गेम खेळणाऱ्यांसाठी. त्याला हात आठच, पण प्रत्येक हात विलक्षण चपळ. दुसरा हत्ती छाप, सर्व्हरसाठी, म्हणजे दिवसरात्र चालणाऱ्या मोठ्या कॉम्प्युटरसाठी. त्याला चौसष्ट हात. एकेक हात संथ, पण वर्षानुवर्षं राबवा, दमायचं नाव नाही.

खवलोबाला हत्ती हवा होता. कारण गणित मोठं होतं. शिवाय "आमच्याकडे सर्व्हरचा आहे" असं नुसतं म्हटलं तरी ऐकणारा दोन पावलं मागे सरतो.

आणि खवलोबाला चित्ताही हवा होता. का म्हणून विचारता? जरा कान इकडे करा. 'वारूळ-विध्वंस' नावाच्या खेळाचा सहावा भाग आला होता. त्यात म्हणे लाख मुंग्या एकदम पळतात आणि प्रत्येकीचे सहाही पाय वेगवेगळे दिसतात.

हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. सभेला सांगितलं, वणव्यासाठी. बायकोला सांगितलं, वणव्यासाठी. स्वतःलाही बहुतेक तेच सांगितलं. तुमच्या घरी कॉम्प्युटर 'मुलांच्या अभ्यासासाठी' आला होता ना? तसंच.

शेवटी खवलोबा माकडांच्या झाडाखाली गेला. त्या झाडावर जाणकार माकडं बसायची आणि जो येईल त्याला फुकट सल्ला द्यायची.

"चित्ता घेऊ की हत्ती?" खवलोबाने खालून ओरडून विचारलं.

"वापर काय?" एक माकड म्हणालं.

"म्हणजे... तसा मिश्र आहे," खवलोबा म्हणाला.

"मग ते वापरावर अवलंबून आहे," माकड म्हणालं आणि शेपटी खाजवत बसलं.

"हत्तीच घे!" दुसरं ओरडलं. "माझ्या मावसभावाकडे आहे. चार वर्षं बंद केलेला नाही."

"त्याचा पंखा ऐकलायस का? विमान उतरतंय असं वाटतं," तिसरं म्हणालं. "डोकं असेल तर चित्ता घेशील."

"डोकं कुणाला नाही म्हणतोस रे?" आणि झाडावर जी जुंपली, ती जुंपली. उंबरं फेकली, शेपट्या ओढल्या. एकाने तर दुसऱ्याच्या आजोबांच्या प्रोसेसरचा उद्धार केला. खवलोबाकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही.

तेवढ्यात अगदी शेंड्यावरून एक म्हातारं माकड शांतपणे म्हणालं, "सहा महिने थांब. नवा येतोय."

झालं! खवलोबा जागच्या जागी चेंडू झाला. वारुळाबाईने त्याला गडगडत घरी आणलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने तुलनेचा तक्ता करायला घेतला. सदतीस रकाने आखले. वेग, कोर, उष्णता, आवाज, आयुष्य, माकडांची मतं. तक्ता केला तो जुन्याच कॉम्प्युटरवर. तो तक्ता त्याने अकरा वेळा पुसून पुन्हा केला आणि कॉम्प्युटरने हूं की चूं केलं नाही. पण हे त्या वेळी त्याच्या लक्षात आलं नाही.

आठ दिवसांनी भेकरीण आली. "भावोजी, झालं का हो गणित?"

"गणिताचं काय, ते होईल. निवडीचा टप्पा चालू आहे, वहिनी."

"मग तोवर पाडसाला कुठे ठेवू?"

"तोवर आहे तिथेच ठेवा. घाईत काही करू नका. मी पक्कं सांगतो."

भेकरीण बिचारी 'बरं' म्हणाली. शिकलेल्या शेजाऱ्याचं ऐकावं, असं तिला वाटायचं. पाडस दोन्ही रानांच्या मध्ये उघड्यावर राहिलं.

महिना गेला. पाडस आता चार पावलं टाकायचं आणि मग बसायचं. पानं वाळून कुरकुरीत झाली. सरपंच गवा दोनदा विचारून गेला. खवलोबा दिवसभर तक्त्याकडे बघायचा. कधी हत्ती एका गुणाने पुढे, कधी चित्ता. खरं सांगायचं तर त्यात त्याला मजा येत होती. घेतल्यावर मजा संपते, हे त्याला आतून ठाऊक होतं. मलाही आहे. म्हणजे, ऐकून आहे.

एके सकाळी मात्र वारुळाबाई कडाडली. "आज संध्याकाळपर्यंत काय ते ठरवा. नाहीतर तुम्हाला असा ढकलेन, की थेट ओढ्यात जाऊन थांबाल!"

खवलोबा घाबरला. आणि घाबरल्यावर त्याला एक अफलातून कल्पना सुचली. दोघांपैकी एक निवडायचाच कशाला? प्रोसेसर घ्यायचा हत्तीचा. आणि तो ज्यावर बसवतात तो मदरबोर्ड घ्यायचा चित्त्याचा. कामाचं काम, खेळाचा खेळ. कुणाचंच मन मोडायला नको.

सदतीस रकान्यांत एक रकाना नव्हता, बाळांनो. कोणता प्रोसेसर कोणत्या बोर्डावर बसतो, हा.

चार दिवसांनी धनेश पक्ष्याने पार्सलं आणून टाकली. बोर्डाचा खोका, पंख्याचा खोका, कॉम्प्युटरच्या डब्याचा खोका, खोक्यातला खोका, थर्माकोल वेगळा. वारुळाबाई ते बाहेर टाकायला निघाली, तर खवलोबा आडवा पडला.

"खोके फेकायचे नाहीत! वॉरंटी जाते!"

"मग ठेवू कुठे?"

"आतला खण रिकामाच आहे की."

आणि तो खोल, गार, ऐसपैस खण खोक्यांनी छतापर्यंत भरला.

त्याच दिवशी दुपारी खवलोबा बिळाच्या तोंडाशी उजेडात बसला. मांडीवर बोर्ड, नखांत प्रोसेसर. हत्ती छाप प्रोसेसर चांगला तळहाताएवढा होता. चित्त्याच्या बोर्डावरची जागा होती काडेपेटीएवढी. खवलोबाने असा धरून पाहिला, तसा धरून पाहिला. बसेना. फिरवून पाहिला. बसेना.

"नवीन आहे ना, जरा घट्ट असणारच," तो स्वतःशी म्हणाला.

इतक्यात भेकरीण धावत आली. नाकाने पाडसाला पुढे ढकलत होती. पाडस चार पावलं टाकत होतं आणि बसत होतं.

"भावोजी, धूर! धूर दिसतोय! लवकर सांगा, पूर्वेला नेऊ की पश्चिमेला?"

खवलोबाने वर पाहिलं. डोक्यात सदतीस रकाने गरगरले. तोंड उघडलं आणि त्यातून जे बाहेर आलं ते असं:

"ते वापरावर अवलंबून आहे."

भेकरीण त्याच्याकडे बघतच राहिली. खवलोबाने घाबरून प्रोसेसरवर अंगठा दाबला. कट्ट! बोर्ड मधोमध तडकला. आणि खवलोबा चेंडू झाला.

वारुळाबाई बाहेर आली. तिने आपली हातभर जीभ पूर्वेकडे काढली. जिभेला राख लागली. मग पश्चिमेकडे काढली. जिभेला राख लागली.

"दोन्हीकडून येतोय," ती म्हणाली.

"अगं बाई! आता गं, ताई?" भेकरीण रडायलाच लागली.

वारुळाबाई थेट आत घुसली. पंख्याचा खोका बाहेर भिरकावला. डब्याचा खोका बाहेर. खोक्यातला खोका बाहेर. थर्माकोल उडाला तो थेट बोरीवर. चेंडूच्या आतून बारीक आवाज आला, "वॉरंटी...!" पण कुणी लक्ष दिलं नाही. तिने पाडसाला आतल्या खणात सारलं. भेकरीण अंग चोरून मागोमाग शिरली. शेवटी वारुळाबाईने नवऱ्यालाही पायाने आत लोटलं आणि बिळाचं तोंड मातीने बुजवलं.

वरून वणवा गेला. खूप मोठा आवाज झाला. खोके तडतडले ते खालीही ऐकू आलं. आतला खण मात्र गारच होता. अंधारात पाडस थरथरत होतं. थरथरत ते त्या चेंडूला टेकलं आणि तिथेच झोपलं. त्याचं काळीज खवल्यांवर टकटक वाजत होतं.

खवलोबाला ते ऐकू येत होतं. त्याला लाज वाटली. खरी, पोटातून आलेली लाज. तो हळूहळू उलगडला. पाडसाची झोप मोडू नये, इतक्या हळू.

बऱ्याच वेळाने वारुळाबाईने माती उकरली. बाहेर पूर्वेची कारवी जळाली होती. पश्चिमेचं गवत जळालं होतं. मधलं उघडं रानही काळं झालं होतं. जिथे म्हणून पाडसाला ठेवता आलं असतं, तिथे नुसती राख होती.

भेकरणीने वारुळाबाईच्या गळ्यात मान टाकली. त्या दिवसापासून तिने खवलोबाला एकही प्रश्न विचारला नाही, आजतागायत.

ती पाडसाला घेऊन ओढ्याकडे गेल्यावर वारुळाबाई नवऱ्यासमोर येऊन बसली. रागावलेली नव्हती. दमली होती.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "'वहिनी, लेकराला आमच्याकडे ठेवा', एवढं म्हणायला किती कोर लागतात हो?"

खवलोबाने मान खाली घातली. डोळे भरून आले होते. एक थेंब खोक्यांच्या राखेत पडला.

मग तो हळूच म्हणाला, "ते खरंच गं. पण बोर्डाचा खोका तेवढा वाचवायला हवा होतास. आता बदलून देणार नाहीत."

हत्ती छाप प्रोसेसर त्यांच्या घरी अजून आहे. चांगला सपाट आहे, चकचकीत आहे, धुतला की लगेच वाळतो. वारुळाबाई त्यावर मुंग्या वाढते. एका बाजूला काळ्या, एका बाजूला लाल. वापर सापडला एकदाचा.

तात्पर्य: शेजाऱ्याच्या लेकराला संकटात जरूर आसरा द्यावा, पण आधी खोके सुरक्षित जागी हलवावेत. आणि निवडीची घाई तर मुळीच करू नये. ही गोष्ट मी जुन्याच कॉम्प्युटरवर लिहिली आहे. सहा महिने थांबलोय. नवा येतोय. तोवर माझ्या माळ्यावर जागा आहे का, असं कृपया कुणी विचारू नये.