दोन भोकं आणि काकूंचा एक तास

सोमवारी सकाळी काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, की गाडीला भोक पाडायचं.

"एकच?" काकूंनी विचारलं.

"बघू. अभ्यास करून ठरवू."

बस, एवढंच ठरलं. रिटायर होऊन चार महिने झालेला माणूस चहा पिता पिता असलं काहीबाही ठरवतच असतो, आणि बहुतेक वेळा जेवणापर्यंत विसरतोही. पण काका विसरणार नव्हते. कारण आदल्या दिवशी सकाळी जे घडलं होतं ते विसरण्यासारखं नव्हतं.

झालं होतं असं. काकांनी रिटायर झाल्या झाल्या एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली. अठरा वर्षांची. आत दोन माणसांपुरता पलंग, गॅसची शेगडी, हातभर बेसिन, एक कपाट, आणि आधीच्या मालकाने मागे ठेवलेला एक बूट (दुसरा अजून सापडलेला नाही). समुद्राच्या कडेकडेने तीन आठवडे हिंडायचं, असा बेत. हा बेत तसा जुनाच. आतापर्यंत आठ वेळा ठरला आणि आठही वेळा मोडला. कधी ऑफिसात ऑडिट निघालं, कधी कपाटांना वाळवी लागली. दर वेळी काकू बॅग भरायच्या आणि दर वेळी काही न बोलता रिकामी करायच्या. त्या काही न बोलण्याचंच काकांना मनातून फार लागलं होतं. नववी वेळ मोडायची नाही, अशी त्यांनी स्वतःशी शपथ घेतली होती.

म्हणून शनिवारी दोघं चाचणी म्हणून दारात उभ्या केलेल्या गाडीतच झोपले. रविवारी सकाळी छतावरून पाण्याचा एक टपोरा थेंब काकूंच्या बरोबर कपाळावर पडला. पाऊस नव्हता, गळतीही नव्हती. दोघांचाच श्वास छताच्या पत्र्यावर जमला होता आणि आता तो परत येत होता.

काकूंनी पदराने कपाळ पुसलं आणि शांतपणे सांगितलं, "हे बघा, मला यायचंय. पण या डब्यात हवा खेळत नाही. पुढच्या रविवारी दुपारी मी आत बसेन. दार लावून, एक तास. बसवलं तर येते. नाही बसवलं तर तुम्ही खुशाल जा, मी तीन आठवडे माझ्या बहिणीकडे राहते."

काकूंचा आवाज चढला असता तर काकांना इतकी भीती वाटली नसती. एकट्याने समुद्र बघून करायचं काय? 'तो बघ' असं म्हणायला शेजारी माणूस नको? काका लगेच वही घेऊन बसले.

आता काका कोण, हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही पटणार नाही. काकांनी एकतीस वर्षं एका मोठ्या ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. काम एकच. कागदांपर्यंत धूळ, ओल, उजेड, कसर आणि उंदीर पोचू द्यायचे नाहीत. ऑफिसात त्यांना 'सीलबंद' म्हणत, आणि काकांना त्याचा अभिमान होता. त्यांची एक स्वतःची पद्धत होती. भर दिवसा खोलीत जायचं, दिवे घालवायचे, दार लावायचं आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत उभं राहायचं. मग जिथे उजेडाची बारीक रेघ दिसेल तिथे खडूने खूण करायची. खूण तिथे फट, आणि फट तिथे काका. ही पद्धत शिकायला दुसऱ्या ऑफिसांतून माणसं यायची. (दोनदा आली. दुसऱ्या वेळी चुकून.)

तर असे हे काका हवा आणायला निघाले.

गाड्यांच्या पत्र्याचं काम करणारे एक मिस्त्री कोपऱ्यावरच होते. त्यांनी गाडीत डोकं घातलं, नाकाने एक श्वास घेतला आणि डोकं बाहेर काढलं.

"दोन भोकं," मिस्त्री म्हणाले. "एक वर, एक खाली. वर पंखा लावू, तो गरम हवा बाहेर फेकेल. खालून ताजी येईल. संपलं."

"इतकंच?" काका जरा हिरमुसले. त्यांच्या वहीत अकरा पानं झाली होती.

"इतकंच काका. हवा शहाणी असते. तिला वाट द्या, बाकीचं ती बघते."

मंगळवारी मिस्त्रींनी छतात कटर घातला. त्या आवाजाने काकांनी डोळे घट्ट मिटून घेतले. उभ्या आयुष्यात त्यांनी कशाला भोक पाडलं नव्हतं, पंच मशीन सोडली तर. दुपारपर्यंत वर पंखा बसला, खाली पलंगाजवळ जमिनीत ताटलीएवढं भोक झालं, आणि मिस्त्री हात पुसत निघून गेले. काम झालं. गोष्ट खरं तर इथेच संपायची.

पण संध्याकाळी काका खाली वाकून त्या भोकातून रस्त्याकडे बघत बसले. रस्ताही त्यांच्याकडे बघत होता. या भोकातून धूळ येणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

"जाळी लावतो," त्यांनी काकूंना सांगितलं.

"लावा," काकू म्हणाल्या. जाळीला कोण नको म्हणेल.

बुधवारी सकाळी काकांनी जाळी लावली. तिच्यातून मुंगी जाईल असं वाटलं म्हणून आत दुसरी, बारीक जाळी लावली. चाक खड्ड्यात गेलं तर चिखल उडेल, म्हणून जाळीवर झाकण आलं. झाकण खडखडेल म्हणून त्याखाली रबराचं गॅस्केट आणि आठ स्क्रू. स्क्रूच्या कडेने ओल धरेल म्हणून सिलिकॉन. या सगळ्यात काकांचा हात इतका सफाईदार चालला होता, की गेल्या चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना आपण कुणीतरी आहोत असं वाटलं. हातात सिलिकॉनची नळी आणि समोर फट, आणखी काय पाहिजे माणसाला?

आणि एकदा हात बसल्यावर तो थांबणार कसा? खिडक्या सरकवताना हलत होत्या, त्यांना फेल्टच्या पट्ट्या लावल्या. दाराचं रबर अठरा वर्षांचं, चेपून पापडासारखं झालेलं. ते उपटून काकांनी नवं लावलं, जाड, दुपदरी. पुढची सीट आणि मागची खोली यांच्यामधल्या पार्टिशनला बोटभर फट होती, तीही बुजवली. गुरुवारी भर दुपारी ते आत गेले, दार ओढून घेतलं, पंख्याचं झाकण लावलं, खिडक्यांवर पुठ्ठे बसवले आणि अंधारात उभे राहिले. तीन ठिकाणी उजेडाची रेघ दिसली. शुक्रवारी दोन. शनिवारी एकही नाही.

काका बाहेर आले ते घामाने निथळत आणि अत्यंत समाधानाने. "झाली गाडी," ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्या ओल्याचिंब शर्टाकडे पाहिलं. परीक्षा उद्या होती.

रविवारी दोन वाजता काकू आल्या. विणकामाची पिशवी, एक पुस्तक, पाण्याची बाटली, घड्याळ. काकांनी पंख्याचं झाकण वर उचलून दिलं, बटण दाखवलं आणि बाहेर येऊन दार लावलं. दार लावायला खांदा द्यावा लागला. खट् असा दमदार आवाज आला. काकांना तो फार आवडला.

पंखा सुरू झाला. काका खुर्ची टाकून बसले.

सातव्या मिनिटाला आतून आवाज आला. "अहो, हवा कुठून यायचीय म्हणालात?"

"खालून. पलंगाजवळून."

"तिथून नाही येत. बेसिनमधून येतेय."

काकांना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. पंखा हवा बाहेर ओढत होता, आणि आत हवा यायला अख्ख्या गाडीत एकच रस्ता उरला होता. बेसिनची नळी. ती खाली सांडपाण्याच्या टाकीत जात होती, आणि टाकी आधीच्या मालकानंतर कुणी उघडली नव्हती.

"वास येतोय का?" काकांनी दबकत विचारलं.

"वास नाही म्हणायचं त्याला," काकू म्हणाल्या. "त्याला दुसरा काहीतरी शब्द असेल."

"तू बाहेर ये. राहू दे आजचं."

"एक तास म्हणजे एक तास. बेसिनला बूच लावते."

बूच लागलं. पंख्याचा आवाज बदलला, जरा रडवेला झाला. मग काकूंनी शांतपणे कळवलं, की आता हवा कुठूनच येत नाही.

काका उठले आणि त्यांनी दार ओढलं. दार हललं नाही. पुन्हा ओढलं. एक पाय गाडीला लावून ओढलं. कडी फिरत होती, पण ते जाड दुपदरी रबर आत असं काही ठासून बसलं होतं, की दाराने गाडीशी कायमची सोयरीक केली होती. आता मात्र काका गाडीभोवती धावत एक चक्कर मारून आले. खालचं झाकण आठ स्क्रूंनी बंद, खिडक्या फेल्टमध्ये अडकलेल्या. त्यांनी मिस्त्रींना फोन केला आणि 'लगेच या' एवढंच म्हणाले. मग शिडी आणून ते गाडीवर चढले.

"पंखा बंद कर," त्यांनी वरून सांगितलं. पंखा थांबला. काकांनी पंख्याच्या भोकाला तोंड लावलं. "घाबरू नकोस."

"मी कुठे घाबरलेय? टाके मोजतेय."

"अगं, ऐक." काकांनी डोकं भोकात आणखी खाली घातलं. "चुकलं माझं. एकतीस वर्षं मी नुसतं बंदच करत आलो. तुझ्या बॅगाही मीच बंद ठेवल्या आठ वेळा. तू नाही आलीस तर मीही नाही जाणार. गाडी विकून टाकतो. तुझ्याशिवाय मला कुठेच जायचं नाही."



"बोला," काकू म्हणाल्या. "चांगलं बोलताय, मलाही ऐकायचंय. पण जरा बाजूला होऊन बोला. एवढं एकच भोक उघडं होतं, त्यात तुम्ही डोकं घातलंत."

काका बाजूला झाले.

मिस्त्री आले. त्यांनी पहार आणली होती, पण ती लागलीच नाही. त्यांनी दाराच्या वरच्या कोपऱ्यात पातळ पट्टी घातली, रबराचं टोक चिमटीत धरलं आणि सगळं रबर एका दमात ओढून काढलं. दार आपणहून उघडलं. मिस्त्री खाली वाकून ते भोक शोधू लागले.

"काका, इथे मी एक भोक पाडलं होतं."

"आहे ना," काका म्हणाले. "झाकणाखाली. गॅस्केटखाली. दोन जाळ्यांखाली."

"आणि हे सगळं कशासाठी?"

काकांनी आपली अंधाराची पद्धत समजावून सांगितली. शेवटी शनिवारी एकही रेघ दिसली नाही, हेही सांगितलं. मिस्त्री ऐकता ऐकता गाडीच्या पायरीवर बसले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. जुनी गाडी अठरा वर्षं त्या फटींमधूनच तर श्वास घेत होती, हे त्यांनी जमेल तितक्या सौम्यपणे सांगितलं. आठ स्क्रू काढायला त्यांना अर्धं मिनिट लागलं. आतली बारीक जाळी काढली, बाहेरची एक ठेवली.

"बाहेर ये आता," काकांनी काकूंना म्हटलं.

काकूंनी घड्याळ पाहिलं. "अजून एकवीस मिनिटं आहेत. दार लावा."

दार लागलं, यावेळी नुसत्या हाताने. पंखा सुरू झाला. काका आणि मिस्त्री बाहेर उभे राहिले. काकांचे डोळे दारावर खिळले होते आणि मनात बहिणीकडची तीन आठवड्यांची बॅग भरली जात होती. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. आतून काही आवाज नाही. काकांनी दोनदा हाक मारायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिस्त्रींनी त्यांचा हात धरला.

बरोबर तीन वाजता दार उघडलं. काकू पायरीवर आल्या. कपाळ कोरडं, चेहरा ताजातवाना, हातात वीतभर वाढलेलं विणकाम.

"वारा येतो," त्या म्हणाल्या. "खालून येतो आणि वरून जातो. पुस्तकाचं पान हलतं."

"म्हणजे येणार तू?" काकांनी विचारलं.

"येणार. म्हणजे काय, येणारच." काकूंनी वळून आत पाहिलं, प्रेमाने, नव्या घराकडे पाहावं तसं. "शेवटची ती एकवीस मिनिटं तर इतकी सुंदर गेली म्हणून सांगू. काय हवा, काय शांतता. रिटायर झालात तेव्हापासून असं निवांत बसलेच नव्हते मी."

मग त्या मिस्त्रींकडे वळल्या.

"तुमची हत्यारं आणलीच आहेत ना? मग जाता जाता तेवढी या दाराला आतून एक कडी बसवून द्या."